चिखल न पाहिलेली चाके

माहूरगडावर रेणुकामातेच्या पायऱ्यांपर्यंत आणि पुढे दत्तशिखराकडे डांबरी रस्ता जातो. घाट वळणावळणाचा आहे, चढही आहे. पण एसटीची साधी बस तो चढते. त्याच घाटात हल्ली आलिशान एसयूव्ही दिमाखाने चढताना दिसतात. खडक, चिखल, ओढे लीलया पार करण्याचे सामर्थ्य, ही त्यांची जाहिरात! कार्यालय, बाजारपेठ आणि वर्षातून एकदा कुलदैवत एवढाच ज्याचा प्रवास, त्या गृहस्थाला हे सामर्थ्य हवे तरी कशाला?

१९४१ साली अमेरिकी सैन्यासाठी विलिस जीप निघाली, ती रणांगणाची गरज म्हणून. स्वातंत्र्यानंतर महिंद्रने ती येथे आणली, तेव्हा देशात धड रस्ते नव्हते. आजही वनरक्षकाला, सीमेवरील जवानाला अशा वाहनाची गरज आहे. किनवट-माहूरच्या तांड्यांवरचा शेतकरी मात्र पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बैलगाडीने आणि ट्रॅक्टरने तुडवतो. त्याची जाहिरात कोणी करीत नाही.

मौज अशी की, एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गाड्यांची दोनच चाके इंजिनाच्या जोरावर फिरतात. साक्षात थारही २०२३पासून दोन चाकांच्या जोरावर मिळते. जीएसटी परिषदेने याच वर्षी मोठ्या गाड्यांच्या उपकराची व्याख्या सुधारली, तीत लांबी, इंजिनाची क्षमता आणि जमिनीपासूनची १७० मिलिमीटर उंची मोजली. चारचाकी जोराचा उल्लेखही नाही. ज्यांना तो जोर हवा, ते काही लाख रुपये जादा मोजतात आणि तो दांडा वर्षानुवर्षे जागचा हलत नाही.

एवढ्यावर भागले असते, तर हा केवळ श्रीमंतांचा षोक म्हणून सोडून देता आला असता. परंतु या सामर्थ्यातून खोटा धीर जन्मतो. चारचाकी जोर चिखलातून गाडी बाहेर काढतो. ती थांबवण्यास त्याचा उपयोग नाही. ब्रेक तर साध्या मोटारीलाही चारही चाकांना असतात. ओल्या घाटात उतरताना टायरची पकड आणि चालकाचा संयमच कामी येतो. पाण्याचे तर विचारूच नये. दोन फूट वाहते पाणी बहुतेक मोटारींना लोटून नेऊ शकते. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेड तालुक्यात दहागावच्या पुलावरून एसटीची अख्खी बस वाहून गेली आणि प्रवासी प्राणास मुकले. बसची ही गत, तर दोन टनांच्या एसयूव्हीची काय कथा?

‘आमचा पैसा, आमची गाडी’ असे उत्तर ठरलेले असते. पैसा त्यांचा खरा; पण खनिज तेलाच्या गरजेपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक आयात करणाऱ्या देशाचे परकीय चलन सर्वांचे असते. घाटातील अरुंद रस्ताही सर्वांचा, त्यावरून अनवाणी चालणाऱ्या भाविकांचासुद्धा. या उत्साहाचा चतुर्थांश जरी नाल्यांवरचे ठेंगणे पूल उंच करण्याच्या आणि यात्राकाळात एसटीच्या फेऱ्या वाढवण्याच्या मागणीमागे उभा राहिला, तरी माहूरला येणाऱ्या सामान्य कुटुंबाचा प्रवास निर्धोक होईल. ती मागणी करण्यासाठी तहसील कचेरीपर्यंत जावे लागते, आणि तिथवरचा रस्ताही डांबरीच आहे.