सिंहाच्या मृत्यूनंतर उभे राहिलेले राज्य

६ नोव्हेंबरला स्वीडनमध्ये राष्ट्रध्वज उभारला जातो. १६३२ साली याच तारखेला जर्मनीतील लुत्झेनच्या रणांगणावर राजा गुस्ताव अॅडॉल्फ धारातीर्थी पडला. आजच्या पंचांगाने ती तारीख १६ नोव्हेंबर भरते. परंतु स्वीडनने आपल्या तत्कालीन पंचांगातील तारीख सोडलेली नाही. त्या दिवशी सुट्टी नसते. त्याने वसविलेल्या गोथेनबर्ग नगरात व अन्यत्र राजाची मुखाकृती मिरविणारे केक मात्र दुकानोदुकानी मांडले जातात.

१८१४ नंतर एकही युद्ध न लढलेल्या देशाने रणधुरंधर राजाचा स्मृतिदिन का पाळावा, असा प्रश्न कोणासही पडेल. भक्तांच्या लेखी तो प्रोटेस्टंट पंथाचा त्राता, 'उत्तरेचा सिंह'. टीकाकारांच्या लेखी तो परमुलखात घुसलेला आक्रमक. या दोन्ही पक्षांना केवळ त्याची तलवार दिसते.

धर्मयुद्धाचा दावा तर इतिहासाच्या कसोटीवर पुरता उतरत नाही. १६३१ च्या करारान्वये त्याच्या सैन्याला द्रव्य पुरविले ते कॅथॉलिक फ्रान्सने! आणि विजयाची किंमत? उत्तर स्वीडनमधील बिग्डेओ या एका परगण्यातून १६२१ ते १६३९ या काळात २३० तरुण परदेशी युद्धांवर गेले. त्यांपैकी २१५ तेथेच मृत्यू पावले. जर्मन खेड्यांनी स्वीडिश सैन्याच्या हातून जे भोगले, त्याची स्मृतीही तिकडे दीर्घकाळ पुसली गेली नाही. स्मृतिदिनाच्या उत्सवात या माणसांना स्थान नसेल, तर तो उत्सव अपुराच म्हटला पाहिजे.

मग या राजाचे खरे मोठेपण कशात? तो पडला तेव्हा ३७ वर्षांचा होता आणि सिंहासनाची वारस होती सहा वर्षेही पूर्ण न झालेली कन्या क्रिस्टिना. कर्तबगार राजा रणात पडावा, मागे अजाण बालक उरावे आणि राज्याची वाताहत व्हावी, हे इतिहासात वारंवार घडले आहे. स्वीडनमध्ये ते घडले नाही. कारण १६१४ साली त्याने वरिष्ठ न्यायालय स्थापिले होते. १६१८ साली राज्याच्या दप्तरखान्याची व्यवस्था लागली होती. १६२४ साली उपसाला विद्यापीठाला त्याने आपल्या खासगी जमिनी दान दिल्या होत्या. शिवाय अॅक्सेल ओक्सेनस्टिएर्नासारखा मंत्री त्याने विश्वासाने जोपासला होता. त्याच मंत्र्याने १६३४ च्या राज्यघटनेद्वारे कारभाराची पाच खाती सिद्ध केली आणि राज्याचा गाडा अखंड चालविला.

बाल्टिक किनाऱ्यावरील स्वीडिश साम्राज्य १७२१ पर्यंत बव्हंशी लयास गेले. ते न्यायालय आणि ते विद्यापीठ आजही उभे आहे. १६३२ साली त्याने सनद दिलेले तार्तू विद्यापीठ आज एस्टोनियात आहे. तेथील त्याचा पुतळा सोव्हिएत सत्तेने १९५० साली हटविला. स्वातंत्र्य परत मिळताच १९९२ साली एस्टोनियाने तो पुन्हा उभारला. परक्या भूमीवर ही कृतज्ञता तलवारीने मिळत नसते.

वीराचे स्मरण करताना त्याने किती लढाया जिंकल्या, हे विचारणे सोपे असते. तो पडल्यावर काय उभे राहिले आणि त्यासाठी कोणाचे प्राण वेचले गेले, हे विचारण्याचे धैर्य ज्या समाजात असते, त्याच्याच स्मृतिदिनाला अर्थ असतो. अन्यथा उरतो तो केवळ केकवरचा मुखवटा.