तेजाबाच्या बाटलीआधी धातूंची ओळख हवी

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतील भंगार व्यवसायात असलेले आपले काही तरुण हल्ली एकच गोष्ट विचारतात. जुने मोबाईल व संगणकाच्या पट्ट्या यांतील सोने घरच्या घरी काढता येईल काय? सोन्याचा भाव पाहता प्रश्न गैर नाही. पण दुसराच प्रश्न येतो, तेजाब कोठे मिळेल, आणि तेथे आम्हाला हरकत घ्यावीशी वाटते.

सोने गाळण्याचा धंदा महाराष्ट्राला नवा नाही. सांगली जिल्ह्यातील विटा-खानापूर भागातले गलाई बांधव देशभर पेढ्या चालवतात. सोनाराच्या दुकानातील केर धुणारे झारेकरी आणि धूळधोये तर जुनेच. त्यांत मुसलमान घरेही होती. यांपैकी कोणाचाही मुलगा पहिल्याच दिवशी तेजाबाला हात लावत नाही. तो आधी भट्टी फुंकतो, वजन करतो, कसोटीवर कस पाहायला शिकतो.

कारण साधे आहे. शोऱ्याचे तेजाब चांदी व तांबे विरघळवते, सोने नाही. तरीही बावीस कॅरेटचा दागिना त्यात टाकला तर काम होत नाही. सोनेच आतल्या तांब्या-चांदीला झाकून बसते. म्हणून जाणकार एक भाग सोन्याला तीन भाग चांदी मिळवून आधी वितळवतात. उलट, मिठाचे तेजाब मिसळून केलेल्या अम्लराजात सोने विरघळते, पण मालात चांदी जास्त असेल तर तिचा पांढरा थर वर चढून काम अडते. पट्ट्यांवरील डाखाच्या कथलाने तर असा चिकट गाळ होतो की गाळणीतून काही उतरत नाही आणि सोने त्यातच अडकते. हे ज्याला ठाऊक नाही, तो हाती असलेले सोनेही घालवून बसतो. शिवाय एका मोबाईलमध्ये सोने असते ते ग्रॅमच्या काही शतांशांइतकेच. निम्मेअधिक तेजाब तांबेच खाऊन टाकते. हा हिशेब कोणी सांगत नाही!

पैसा गेला तर पुन्हा मिळवता येईल. तांबडा-तपकिरी धूर मात्र फसवा आहे. श्वासात गेल्यावर थोडा खोकला येतो, माणूस जेवून झोपतो, आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू लागते. वेल्ह्याच्या एखाद्या वाडीतून रात्री पुण्याचे मोठे रुग्णालय किती लांब पडते, हे वाचकांना सांगायला नको. उरलेले हिरवे-निळे पाणी ओढ्यात गेले, तर ते भोरकडे नीरा नदीला आणि पानशेतकडे पुणेकरांच्या पिण्याच्या पाण्याला मिळते. त्यात लोखंडाचे तुकडे टाकले की तांबे त्यांवर बसते, हे शिकणे सोने काढण्याइतकेच गरजेचे आहे. तेवढ्याने पाणी निर्धोक होत नाही, आम्ल मारावेच लागते.

कायदाही पाहावा. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तेजाबाच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले; ओळखपत्र व कारण द्यावे लागते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीशिवाय असा माल गाळता येत नाही.

अमेरिकेतील सी. एम. होक या बाईंनी १९४० साली या विषयावर पुस्तक लिहिले. त्यातही नवशिक्याने आधी थोड्याशा ओळखीच्या धातूवर छोटे प्रयोग करून तेजाबाचे गुण पाहावेत असेच सुचवले आहे. आमचे मत त्यापुढे जाते. पहिले वर्ष तेजाब नकोच. एक चांगला काटा, एक कसोटीचा दगड घ्यावा. एखाद्या गलाई पेढीवर किंवा विज्ञानाच्या शिक्षकाजवळ बसावे. तोवर पट्ट्या न फोडता, न जाळता, जातवार निवडून नोंदणीकृत कारखान्यालाच विकाव्यात. सोनेरी टोकांच्या पट्ट्या व साध्या पट्ट्या एकत्र विकल्या तर भाव साध्याचाच मिळतो.