पोस्ट आधी, पॅकेज नंतर

भोसरीत किंवा शिरोलीत एखाद्या शेडमध्ये नवी व्हीएमसी उतरली की तिच्या मागोमाग लॅपटॉप घेऊन कॅम सॉफ्टवेअरचा विक्रेता हजर होतो. पडद्यावर पाच अक्षांचा इम्पेलर डोळ्यांसमोर कोरला जातो. मालकाकडे तीन अक्षांचं मशीन, काम ब्रॅकेट आणि हाउसिंगचं. तरी तो इम्पेलरवर भाळतो. निवड तिथेच होऊन जाते आणि माझ्या मते तिथेच ती फसते.

विक्रेत्याचा पहिला मुद्दा असतो टूलपाथचा. तो खोटा नाही. १० मिलिमीटरचं एंडमिल खाचेत सरळ घातलं की त्याच्या १८० अंशांवर कट बसतो. बाजूने १ मिलिमीटरच घेतला तर जेमतेम ३७ अंश. चिपही पातळ होते, प्रति दाता फीडच्या साधारण ६० टक्के, त्यामुळे फीड दीडपटीच्या वर नेता येतो. जुन्या पद्धतीच्या रफिंगमध्ये आतल्या कोपऱ्यात हा कोन आणि त्यासोबत टूलवरचा भार एकदम वाढतो, टूल किंचाळतं आणि ऑपरेटर फीडचा नॉब मागे ओढतो. नवं रफिंग भार सारखा ठेवतं. पण हे आज कोणाकडे नाही? मास्टरकॅममध्ये त्याला डायनॅमिक म्हणतात, फ्यूजनमध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह, सॉलिडकॅममध्ये आयमशिनिंग. सगळ्यांकडे आहे त्या गुणावर निवड कशी करणार?

खरा फरक पडद्यामागे आहे, पोस्ट प्रोसेसरमध्ये. कॅमने आखलेला मार्ग तुमच्या कंट्रोलला समजेल अशा कोडमध्ये उतरवण्याचं काम पोस्टचं. एकच ड्रिलिंग फानुकला जी ८३ म्हणून हवं, सीमेन्सला सायकल ८३ म्हणून, आणि हायडेनहाइनचा ढंग तर आणखीच निराळा. इथे एका अंकाने काय होतं ते बघा. जॉबवर दोन भोकं आहेत आणि मधे २५ मिलिमीटर उंचीचा क्लॅम्प. पोस्टने जी ९८ दिला तर पहिलं भोक झाल्यावर टूल सुरुवातीच्या उंचीपर्यंत वर जाऊन क्लॅम्प ओलांडतं. जी ९९ दिला तर ते जॉबच्या दोन-तीन मिलिमीटर वर थांबतं आणि तिथूनच रॅपिडने पुढच्या भोकाकडे निघतं, थेट क्लॅम्पमध्ये. पडद्यावर हे दिसत नाही, कारण तिथलं सिम्युलेशन बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या आतल्या मार्गाचं असतं, मशीनकडे जाणाऱ्या कोडचं नसतं. ते कोड वाचून तपासायला व्हेरिकटसारखी वेगळी सॉफ्टवेअरं विकली जातात, यातच सगळं आलं.

तुमचा प्रोग्रॅमर दर प्रोग्रॅम नोटपॅडमध्ये उघडून चार ओळी हाताने बदलतो का, एवढंच बघा. बदलत असेल तर लाखांचं पॅकेज घेऊनही तुमचं पोस्ट अजून त्याच्या डोक्यात आहे, आणि तो रजेवर गेला की तेही रजेवर जातं.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे: ज्या सॉफ्टवेअरची मुलं बाजारात मिळतात तेच घ्यावं. एकाच प्रोग्रॅमरवर चालणाऱ्या शॉपने हे कानाआड करू नये, मीही करणार नाही. पण मुलाला येतात ती बटणं. जॉब कुठे धरायचा, पहिल्या सेटिंगमध्ये कोणता फेस काढायचा, हे ज्याला कळतं तो दुसरं पॅकेज काही आठवड्यांत उचलतो. नुसती बटणं येणाऱ्याला सेटिंग तेवढ्यात येत नाही. टूल लायब्ररी, ठरलेले टेम्पलेट आणि तावूनसुलाखून घेतलेलं पोस्ट शॉपच्या मालकीचं असेल, तर मुलगा सोडून गेल्याचा धक्का निम्म्यावर येतो.

‘क्रॅक आहे की, पैसे कशाला?’ हा तिसरा मुद्दा कुजबुजत मांडला जातो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ बीमध्ये जाणूनबुजून चोरीची प्रत वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. कायदा बाजूला ठेवला तरी क्रॅकवाला तुमचा जी ९९ दुरुस्त करायला येत नाही. फुकटाचंही तसंच. फ्यूजनची वैयक्तिक आवृत्ती धंद्यासाठी नव्हतीच. २०२० मध्ये तिच्यातून रॅपिड आणि टूल बदलण्याची सोयही काढली गेली. विकतचंही कायमचं नसतं, हे आर्टकॅमवाल्यांना विचारा. ते बनवणारी डेलकॅम ऑटोडेस्कने २०१४ मध्ये घेतली आणि २०१८ मध्ये आर्टकॅम बंद केलं.

मग करायचं काय? डेमोला विक्रेत्याचा इम्पेलर नको, आपला सर्वांत छळणारा जॉब द्या आणि तो आपल्याच मशीनवर, आपल्याच क्लॅम्पसह चालवून मागा. प्रत्येक कंट्रोलसाठी पोस्ट कोण करणार, किती दिवसांत, बदलाचे पैसे वेगळे का, हे ऑर्डरवर लिहून घ्या. पोस्टची फाइल उघडी हवी. काही जण ती कुलूपबंद देतात, मग एका ओळीसाठीही त्यांच्याकडेच जावं लागतं. वर्गणी थांबवली तर जुन्या फाइली उघडतील का, हेही तिथेच विचारा. आणि शेवटचा हप्ता द्यायचा तो नोटपॅड न उघडता पहिला जॉब उतरल्यावर. ‘पोस्ट नंतर करून देऊ’ म्हणणाऱ्याचा हप्ताही नंतरच.