पागेसाहेबांची हमी आणि दिव्यांगांचा रोजगार

अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर या अवर्षणप्रवण तालुक्यांतील ज्या पिढीने 1972च्या दुष्काळात खडी फोडून पोट भरले, तिला रोजगार हमीची थोरवी नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही; परंतु विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्या योजनेला जे वैचारिक अधिष्ठान दिले, ते दिव्यांगांच्या बाबतीत आपण अद्यापि अंगीकारलेले नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढास पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देण्याचे बंधन सरकारने 1977च्या अधिनियमान्वये स्वतःवर घालून घेतले, आणि खर्चाच्या तरतुदीसाठी शहरांतील पगारदार व व्यावसायिकांवर 1975 पासूनच व्यवसाय कर बसविला होता. अर्जदाराच्या हाती तारखेची पोच पडली की सरकार त्याचे देणेकरी होते, हे या योजनेचे मर्म होय.

आता अहिल्यानगर जिल्ह्यातील एखादा अस्थिव्यंग पदवीधर डोळ्यांपुढे आणावा. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान त्याला मिळते. 2025 मध्ये ते दिव्यांगांसाठी दीड हजारांवरून अडीच हजार रुपये झाले, हे स्वागतार्हच आहे. पण त्यासाठी उत्पन्नाचा आणि हयातीचा दाखला घेऊन तहसील कचेरीत हेलपाटे घालणाऱ्या या तरुणाला हिशेब लिहिता येतो, संगणक चालविता येतो, याची नोंद घेणारा रकाना त्या कागदांत नसतो. 1995च्या दिव्यांगविषयक कायद्याने तीन टक्के आणि 2016च्या कायद्याने चार टक्के सरकारी जागा त्याच्यासारख्यांसाठी राखून ठेवल्या खऱ्या. तथापि जागा भरली नाही तर ती पुढील वर्षी ओढली जाते, आणि त्या दिरंगाईचा भुर्दंड कोणत्याही कार्यालयास आपोआप बसत नाही.

बनावट दिव्यांग प्रमाणपत्रांचा मुद्दा येथे उपस्थित केला जाईल. तो गंभीर आहे, पण त्यावर काटेकोर फेरतपासणी हा उपाय आहे. लबाडांच्या भयाने खऱ्या हक्कदाराची वाट अडविणे हा न्याय नव्हे.

म्हणून पागेसाहेबांचेच सूत्र येथे लावावे: जिल्हा परिषदेपासून नगरपालिकेपर्यंत प्रत्येक कार्यालयाने बिंदुनामावलीतील दिव्यांगांच्या रिक्त जागा जाहीर कराव्यात, भरतीची मुदत कायद्याने ठरवावी, आणि मुदत टळल्यास पात्र उमेदवाराचा भत्ता त्याच कार्यालयाच्या आस्थापना खर्चातून द्यावा. तिजोरीला झळ लागू लागली म्हणजे फायलीही हलू लागतात, हा रोजगार हमीने महाराष्ट्राला दिलेला धडा आहे.