थंडीत अंडी कमी झाली? आधी पाण्याचं भांडं बघा

व्हिडिओत राहून गेलं, ते इथे स्पष्टच लिहितो.

निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी ५ अंशांच्या खाली जातो. भांड्यातलं पाणी सहसा गोठत नाही, पण इतकं गार होतं की कोंबडी चोच बुडवून मागे सरते. पाणी कमी प्यायली की खाणं कमी, खाणं कमी की अंडी कमी. अंड्यात जवळपास ७५ टक्के पाणीच असतं, ते येणार कुठून?

गेल्या हिवाळ्यात एका ताईंना मीच टॉनिकच्या दोन बाटल्या विकल्या. चूक माझीच. आधी विचारायला हवं होतं, "ताई, सकाळी पाणी बदलता का?"

म्हणून माझं मत: परसातल्या १०-१५ कोंबड्यांसाठी हीटर, टॉनिक घ्यायची घाई करू नका. हो, दुकानदार असून सांगतोय! रात्री भांडं रिकामं करा, सकाळी कोमट पाणी भरा, भांडं उन्हात ठेवा. आठ दिवस अंडी मोजून वहीत लिहा. फरक नाही पडला, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

गिऱ्हाइकाचा पैसा वाचवला की गिऱ्हाईक परत येतं. धंदा असाच टिकतो.