नवी गाडी, गळकी केबिन



आपल्या वस्तीत कुणाच्या दारात नवी गाडी आली की ती त्या एकट्याची राहत नाही. माझ्या धाकट्या भावाच्या मुलाने गेल्या वर्षी सहा चाकी ट्रक घेतला. १४ एप्रिलला सकाळी नाशिकमधील आमच्या विहारासमोर गाडी उभी केली, त्रिशरण-पंचशील झाले, काचेवर निळ्या अक्षरांत 'जयभीम' लिहिले गेले. भावाने सारी उमर दुसऱ्याच्या ट्रकवर काढली, आधी क्लीनर म्हणून, मग ड्रायव्हर म्हणून. मुलगा मालक झाला हे पाहताना त्याचे डोळे भरून आले होते. अर्थात मालकी अजून बँकेची आहे. दर महिन्याच्या ५ तारखेला हप्ता ठरलेला.

जूनमध्ये पाऊस लागला. भाजीपाला भरून गाडी वाशीच्या मार्केटला निघाली आणि कसारा घाटात क्लीनरच्या पायाखाली पाणी आले. नवी कोरी गाडी, आणि केबिनमध्ये तळे!

पुतण्या गाडी शोरूमच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेला. विकत घेताना ज्यांनी चहा पाजला होता, त्यांनी तक्रार नेल्यावर चार तास बाकड्यावर बसवले. एका पोराने पुढच्या काचेच्या कडेला बाहेरून सिलिकॉन फासले आणि 'झाले काम' म्हणून कागदावर सही घेतली. त्या कागदावर 'काम समाधानकारक' असे छापलेले होते. दोन खेपांनंतर पुन्हा गळती. या वेळी पाणी फ्यूजबॉक्सपर्यंत गेले आणि रात्री दोन वाजता, ऐन घाटात, वायपर बंद पडला. गाडी कडेला लावून दोघे उजाडेपर्यंत बसून राहिले. माल उशिरा पोचला, भाव पडला. पण दोन जीव वाचले, हे मोठे.

दुसऱ्यांदा वर्कशॉपने त्याच जागी सिलिकॉनचा दुसरा थर दिला. वर काउंटरवरचे साहेब म्हणाले, "पावसाळ्यात एवढे चालायचेच. तुम्ही काचा नीट लावत नसाल."

पुतण्या संतापून माझ्याकडे आला. "काका, उद्या वस्तीतली चार पोरे घेऊन जातो. मग बघतो कशी गळते ते!"

मी म्हटले, "चार पोरे नकोत, चार कागद ने."

तथागत दुःख सांगून थांबले नाहीत, त्याचे कारण शोधायला त्यांनी शिकवले. वर्कशॉपने नेमके तेच टाळले होते. पाणी कुठून येते हे न पाहताच मलम लावले होते.

रविवारी आम्ही घरीच पाण्याची परीक्षा घेतली. कुणालाही जमेल अशी आहे, म्हणून सविस्तर सांगतो. इंजिन बंद. केबिन पूर्ण कोरडी करून खालची मॅट उचलायची. दारे-काचा लावून एक माणूस बॅटरी घेऊन आत, एक बाहेर साधा पाइप घेऊन. जोराच्या फवाऱ्याचे काम नाही. पाणी खालून वर न्यायचे. आधी काचेची खालची कड, मग बाजू, मग दारे, शेवटी छत. प्रत्येक जागी पाच-दहा मिनिटे थांबायचे. आधीच वरून पाणी सोडले तर सगळेच भिजते आणि चोर सापडत नाही. दाराचे रबर तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचे. पट्टी अलगद निघाली तर तिथे रबर दाबत नाही.

आमच्या गाडीची काच निर्दोष निघाली, दारेही. छताच्या पत्र्याच्या डाव्या जोडावर पाइप धरला, आणि थोड्याच वेळात डाव्या खांबाच्या आतून पाण्याची धार थेट फ्यूजबॉक्सवर उतरली. रोग छताला, औषध काचेला! सूनबाईने त्याचे मोबाइलवर चित्रण केले. ती बारावी शिकलेली. पहिल्या गळतीपासून तिने वहीत तारीख, वेळ, खेप, गाडी किती दिवस उभी राहिली, सगळे टिपून ठेवले होते. आम्ही पुरुष तावातावाने बोलत होतो, तेव्हा खटल्याचा खरा पुरावा तिच्या वहीत तयार होत होता.

आपण स्वतः मात्र काही खोलायचे नाही, काही चोपडायचे नाही. मग वॉरंटीचा दोष आपल्याच गळ्यात पडतो. शिवाय आंबूस वासाचे साधे सिलिकॉन पत्र्याला गंज आणू शकते, आणि त्याचा थर राहिला तर नंतरचे चांगले सीलंटही त्यावर धरत नाही.

तिसऱ्या वेळी जॉब कार्डवर 'पाणी गळते' एवढेच लिहू दिले नाही. 'छताच्या डाव्या जोडावर पाणी पडताच डाव्या खांबातून फ्यूजबॉक्सवर येते. यापूर्वी दोनदा दुरुस्ती, दोन्ही निष्फळ' असे तारखांसह लिहून घेतले आणि प्रत मागून घेतली. सूनबाईने पत्र लिहिले. एक प्रत डीलरला, एक गाडी बनवणाऱ्या कंपनीला, स्पीड पोस्टाने आणि ई-मेलनेही. मागण्या तीनच: जोड खरवडून, सुकवून नव्याने सील करा, फ्यूजबॉक्स, वायरिंग आणि मॅटखालचा पत्रा गंजासाठी तपासा, गाडी देण्यापूर्वी आमच्यासमोर पाणी मारून दाखवा. पत्रात एकही शिवी नव्हती. सम्यक वाचेची धार शिवीपेक्षा जास्त असते.

आठवड्यात कंपनीचा इंजिनिअर आला. गाडी सहा दिवस राहिली. पुतण्याने पाण्याची परीक्षा पाहिल्यानंतरच सही केली. त्यानंतर अख्खा श्रावण-भाद्रपद गेला, केबिन कोरडी आहे.

बुडालेल्या खेपांची भरपाई मात्र डीलरने दिलेली नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी चालू आहे. इथे आपल्या बांधवांना एक भीती घातली जाते, 'ट्रक म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहकच नाही.' हे पूर्ण खरे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वगळली आहे, पण केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात मोडत नाही. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ट्रक घेणारा माणूस ग्राहक ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात १९९५ सालीच स्पष्ट केले. दहा ट्रक बाळगून ड्रायव्हर ठेवणाऱ्याची गोष्ट वेगळी.

तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, वकील लागतोच असे नाही. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी.

पुतण्या मध्येच कंटाळून म्हणाला, "काका, एवढ्या कागदांनी काय होणार?" तेव्हा त्याला महाडची आठवण दिली. १९२७ साली सत्याग्रहानंतर स्पृश्य मंडळींनी चवदार तळे खासगी असल्याचा दावा लावला. बाबासाहेब प्रतिवादी होते. निकाल लागायला दहा वर्षे गेली. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेब जिंकले. ज्या पाण्यासाठी ते तळ्यावर उतरले, त्याच पाण्यासाठी त्यांनी कोर्टात कागदही उलटले.

आपले दुखणे त्यापुढे फार लहान. पण घाटात बंद पडलेला वायपर लहान नसतो, आणि ५ तारखेचा हप्ताही नसतो. म्हणून ज्यांच्या घरी नवे वाहन येणार आहे त्यांना एवढेच सांगणे: गाडीला हार घालाल त्याच दिवशी दोनशे पानी वही आणा. पाणी मारून पाहिल्याशिवाय 'समाधानकारक' वर सही करू नका.

जयभीम.