मजकूर दुसऱ्याचा, गुन्हा आपला!

मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात पुण्यातील अभियांत्रिकीच्या १९ वर्षीय विद्यार्थिनीने दुसऱ्या कोणाची तरी पोस्ट इन्स्टाग्रामवर शेअर केली. दोन तासांत तिने ती काढून टाकली आणि माफीही मागितली. तरीही तिला अटक झाली, महाविद्यालयाने तिच्यावर बडतर्फीची कारवाई केली आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर तिची रवानगी येरवडा कारागृहात झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २७ मे रोजी सरकार व महाविद्यालय या दोघांनाही फटकारून तिच्या तातडीच्या सुटकेचे आदेश दिले. न्याय मिळाला; पण अटकेनंतर १८ दिवसांनी. तोवर परीक्षा सुरू झाली होती.

मजकूर लिहिणारा आणि तो पुढे पाठविणारा यांचा अपराध सारखाच मानायचा का, हा प्रश्न या प्रकरणाने पुन्हा ऐरणीवर आणला. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की अपराध घडला की नाही हे ठरण्यापूर्वीच अटकेची घाई कशासाठी?

कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. समाजगटांत वैरभाव पसरविणे (कलम १९६), धार्मिक भावना दुखावणे (कलम २९९) आणि अफवांद्वारे सार्वजनिक शांतता बिघडविणे (कलम ३५३) या गुन्ह्यांसाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. कलम ३५३ मध्ये तर विधान ‘करणारा’, ‘प्रसिद्ध करणारा’ आणि ‘प्रसृत करणारा’ असे तिघेही एकाच पंक्तीत बसविले आहेत. त्यामुळे ‘मी लिहिले नाही, फक्त फॉरवर्ड केले’ हा बचाव आपोआप टिकत नाही.

अभिनेते व माजी आमदार एस. व्ही. शेखर यांना हाच अनुभव आला. महिला पत्रकारांविषयी आक्षेपार्ह मजकूर त्यांनी २०१८ मध्ये शेअर केला होता. तो पुढे पाठविणारा त्याच्या परिणामांना जबाबदार ठरतो, असे सांगून मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये खटले रद्द करण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

मात्र प्रत्येक क्लिक म्हणजे गुन्हा नव्हे. व्हॉट्सॲप ग्रुपमधील सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू असल्याखेरीज, ॲडमिनला दोषी धरता येणार नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात दिला. पोस्ट ‘लाइक’ करणे म्हणजे ती प्रसिद्ध किंवा प्रसारित करणे नव्हे, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये स्पष्ट केले.

सरकारे बदलली, रीत तीच

पालघरचे प्रकरण मराठी वाचकांच्या स्मरणात असेल. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर लिहिले, तिच्या मैत्रिणीने ते ‘लाइक’ केले आणि दोघींनाही अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या न्यायालयीन लढ्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ‘६६ अ’ घटनाबाह्य ठरविले. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांत न्यायालयाने स्पष्ट भेद केला. मजकूर चिथावणीच्या पातळीवर पोहोचतो, तेव्हाच कायद्याचा हात पुढे यावा, हे त्या निकालाचे सार होते.

तरीही रद्द झालेले हे कलम पोलिस ठाण्यांतून हद्दपार झाले नाही. ११ राज्यांतील जिल्हा न्यायालयांत या कलमाखालचे ७४५ खटले प्रलंबित असल्याचे ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निदर्शनास आणले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला नव्याने आदेश काढावे लागले. त्याच वर्षी मे महिन्यात अभिनेत्री केतकी चितळे यांना शरद पवार यांच्याविषयीचा, दुसऱ्याच्या नावाचा मजकूर फेसबुकवर टाकल्याबद्दल अटक झाली होती. त्यांना सुमारे ४० दिवस कोठडीत काढावे लागले. २०१२, २०२२ आणि २०२५ या तिन्ही वेळी राज्यात सरकार वेगवेगळ्या पक्षांचे होते. पोलिसांची रीत मात्र तीच राहिली.

अफवेचे बळी

याचा अर्थ समाजमाध्यमांवर मोकळे रान असावे, असा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी असल्याच्या अफवेतून भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. अशा अफवा व्हॉट्सॲपवरूनच पसरल्या होत्या. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइल स्टेटसवरून दंगल उसळली. अशा वेळी पोलिस हात बांधून बसू शकत नाहीत. पण जीव घेणारी अफवा आणि सरकारला न आवडणारे मत यांना एकाच मापाने मोजले, की कायद्याचा धाक उरत नाही, केवळ दहशत उरते.

चौकशी आधी हवी

कलम ३७० रद्द केल्याचा निषेध करणारे व पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणारे व्हॉट्सॲप स्टेटस ठेवल्याबद्दल कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकावर दाखल झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रद्द केला. अभिव्यक्तिस्वातंत्र्याबाबत पोलिसांना प्रशिक्षण देण्याची वेळ आली आहे, असे न्यायालयाने तेव्हा बजावले. पुढे मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात न्यायालयाने मार्गही दाखविला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार तीन वर्षांपासून सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठांच्या परवानगीने, १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. अभिव्यक्तीशी संबंधित प्रकरणांत ती करणेच योग्य, असे न्यायालयाने म्हटले.

मात्र येथेच एक पळवाट राहते. सार्वभौमत्वाला धोका पोहोचविण्याविषयीच्या कलम १५२ मध्ये जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ते कलम लावले, की प्राथमिक चौकशीची ही ढाल गळून पडते. पुण्यातील विद्यार्थिनीवरील गुन्ह्यातही हे कलम होते. समाजमाध्यमांवरील मजकुरासाठी १५२ लावण्यापूर्वी वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी मंजुरी बंधनकारक करणे राज्य सरकारला अशक्य नाही. मूळ लेखक अनेकदा निनावी असतो, सापडतो तो मजकूर पुढे पाठविणारा. सापडला म्हणून त्याला आत टाकायचे, की त्याचा हेतू तपासायचा, हे पोलिसांनी पहिल्याच दिवशी ठरवायला हवे. न्यायालयाचा दिलासा येईपर्यंत गेलेले दिवस कोणताही निकाल परत देऊ शकत नाही.